सालबर्डीचं हाड आणि घटोत्कचाचा सांगाडा

चांदूर बाजारात डायनासोरचा विषय शाळेत निघो की चहाच्या टपरीवर, दोन प्रश्न हमखास येतात. पहिला असतो, "आपल्या इकडं होते काय हो ते?" दुसरा जरा जोर देऊन येतो, "पण पाह्यलं कोणं?"

पहिल्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. होते. मोर्शीच्या पुढे सालबर्डीला त्यांचं हाड सापडलं आहे, अंडीही सापडली आहेत. दुसरा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. कोणीही काहीही सांगितलं तर "कशावरून?" असं विचारायलाच हवं. अट एकच की हा प्रश्न भूशास्त्रज्ञाला जसा विचारायचा, तसाच मोबाइलवर महाकाय माणसाच्या सांगाड्याचा फोटो पाठवणाऱ्यालाही विचारायचा. देवाने सगळे प्राणी आहेत तसेच एकदम घडवले, डायनासोर आणि माणूस एकाच काळात नांदले, असं सांगणाऱ्या सृष्टिवाद्यांनाही त्यातून सूट नाही. या प्रकरणात तो प्रश्न सगळ्यांना विचारू.

१. बोअरच्या मशीनमधून निघतं ते काय?

संत्र्याच्या बागेसाठी बोअर मारताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना भूशास्त्राचा पहिला धडा नव्याने शिकवावा लागत नाही. आधी काळी माती निघते. मग पिवळसर माती, चुनखडीचे खडे. सातपुड्याच्या बाजूला असाल तर त्याखाली मुरूम आणि मग काळा पाषाण लागतो आणि मशीनचा आवाज बदलतो. पूर्णेच्या बाजूला असाल तर खोलवर गेलं तरी गाळच गाळ.

यामागचा नियम साधा आहे. थर उलटेपालटे झाले नसतील, तर खालचा आधी साचला आणि वरचा नंतर. एखादी वस्तू कोणत्या थरात सापडली हे कळलं, की ती कशाच्या आधीची आणि कशाच्या नंतरची हे कळतं.

काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला, पसरला, थिजला, आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याखाली गेला. हा लाव्हा पसरण्याआधी इथे जमीन होती, नद्या होत्या, तळी होती. त्या वेळची वाळू, माती आणि चुना यांचे खडक बेसाल्टच्या खाली दबून राहिले. जबलपूरजवळच्या नर्मदेवरील लमेटा घाटावरून त्यांना 'लमेटा' थर असं नाव पडलं. भारतातली डायनासोरची पुष्कळ हाडं आणि जवळजवळ सगळी अंडी याच थरांतून आली आहेत.

आपल्याकडे ते थर दिसतात याला कारण आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीला लांबच लांब तडा आहे. त्याला गाविलगड भ्रंश म्हणतात. तड्याच्या उत्तरेची बाजू वर उचलली गेली. दक्षिणेची, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्याची बाजू खाली बसली आणि गाळाने भरत गेली. वर आलेल्या बाजूला नद्यानाल्यांनी बेसाल्ट कापला आणि त्याच्या पोटातले जुने खडक काही ठिकाणी उघडे पडले. आपल्या तालुक्यातल्या बहिरमच्या परिसरात ते दिसतात, सालबर्डीलाही दिसतात. बहिरमच्या यात्रेत रोडग्यांच्या धुरातून डोंगराकडे नजर टाकली, तर त्या तड्याची वर उचललेली बाजूच समोर असते.

२. दगड आणि अंडं यांत फरक कसा करतात?

अमरावती विद्यापीठाच्या भूशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये सालबर्डीच्या लमेटा थरातून डायनासोरच्या पुढच्या पायाचं एक हाड नोंदवलं. कोपर आणि मनगट यांच्यामध्ये जी दोन हाडं असतात, त्यांतलं हे एक, 'अल्ना'. त्यानंतर याच परिसरातून अंड्यांच्या घरट्याचीही नोंद झाली. लांब मानेच्या, लांब शेपटीच्या, शाकाहारी 'टायटॅनोसॉर' गटातल्या डायनासोरची म्हणून ही अंडी ओळखली जातात.

इथे शंका घेणं रास्त आहे. लमेटा थरांत चुन्याचे गोल गोळेही भरपूर असतात. मग अंडं कोणतं आणि गोटा कोणता? गोटा फोडला तर आत बाहेर सारखाच दिसतो. अंडं तुटलेलं असेल तर कडेला काही मिलिमीटर जाडीचं कवच वेगळं दिसतं. त्या कवचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की पंख्यासारखे पसरलेले स्फटिक एकमेकांना लागून उभे दिसतात आणि त्यांच्यामधून हवा जाण्याच्या नळ्या गेलेल्या दिसतात. आतल्या पिल्लाला श्वास लागतो म्हणून त्या नळ्या. चुन्याच्या गोट्याला श्वासाची गरज नसते, त्याच्यात त्या नसतात. ही तपासणी नागपूरच्या किंवा जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेत, कोणत्याही धर्माच्या माणसाने केली तरी तेच दिसतं.

मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात पाडल्या नावाचं गाव आहे. तिथले लोक शेतात सापडलेले गोल दगड 'काकड भैरव' म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पुजत आले. शेताचं आणि गुराढोरांचं रक्षण करणारा देव. २०२३ च्या अखेरीस लखनौच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ते टायटॅनोसॉरची अंडी असल्याचं सांगितलं. त्याच वर्षी त्या भागातून ९२ घरटी आणि २५६ अंडी यांचा सविस्तर अभ्यासही प्रसिद्ध झाला होता. गावकऱ्यांच्या श्रद्धेवर हसण्याचं मला काही कारण दिसत नाही. घरोघरी देव्हाऱ्यात असलेला शाळिग्राम हा समुद्री जीवाचा जीवाश्म आहे, हे कळल्यावर कोणी त्याची पूजा सोडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. दगड जपणं आणि दगडाबद्दल खरं सांगणं एकत्र नांदू शकतं. अडचण येते ती दगडाबद्दल खोटं सांगितलं जातं तेव्हा.

३. सहा कोटी वर्षं मोजली कोणी?

सतराव्या शतकात जेम्स अशर या आयर्लंडच्या आर्चबिशपने बायबलातल्या पिढ्या मोजून जगाची उत्पत्ती इसवी सनपूर्व ४००४ मध्ये झाली असं काढलं. त्या हिशेबाने पृथ्वीचं वय सहा हजार वर्षांच्या आसपास येतं. अमेरिकेतले कट्टर सृष्टिवादी आजही तोच आकडा धरून आहेत. केंटकीत त्यांनी २००७ मध्ये संग्रहालय उघडलं, त्यात माणूस आणि डायनासोर शेजारी शेजारी मांडले आहेत. त्यांचा एक आवडता दावा भाषांतरित होऊन आपल्याकडेही फिरतो. तो असा: डायनासोरच्या हाडात कार्बन-१४ सापडला, म्हणजे हाड काही हजार वर्षांचंच आहे.

कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार. जिवंतपणी तो शरीरात येत राहतो. मेल्यावर येणं थांबतं आणि असलेला दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. हिशेब करून पाहू. दहा वेळा निम्मा झाला, म्हणजे ५७,३०० वर्षं गेली, की मुळातल्या हजारात एक भाग उरतो. म्हणून पन्नास हजार वर्षांपलीकडे ही पद्धत वापरतच नाहीत. आता मोठी कल्पना करा. अख्खी पृथ्वी निव्वळ कार्बन-१४ ची बनलेली आहे असं धरा. दहा लाख वर्षांच्या आतबाहेर तिच्यातला शेवटचा अणूही संपलेला असेल. डायनासोरचा काळ ६.६ कोटी वर्षांमागे संपला. त्या हाडात मूळचा कार्बन-१४ उरण्याचा प्रश्नच येत नाही. जो सापडतो तो नंतरचा. जमिनीत मुरलेल्या पाण्यातून, मुळांतून, हाडात घर केलेल्या जिवाणूंमधून आलेला, किंवा यंत्राच्या स्वतःच्या चुकीइतका. सोनाराच्या काट्यावर कापसाची गाडी चढवली आणि काट्याने दाखवला तो आकडा खरा धरला, असा हा प्रकार आहे. शिवाय असे दावे करणाऱ्यांनी स्वतः जाहीर केलेली वयं वीस ते चाळीस हजार वर्षांची आहेत. तीही त्यांच्या सहा हजारांत बसत नाहीत.

मोठ्या वजनाला मोठा काटा लागतो. पोटॅशियम-४० चा साठा निम्मा व्हायला सुमारे १२५ कोटी वर्षं लागतात. त्याचा एक हिस्सा बदलून आर्गॉन वायू बनतो. लाव्हा वितळलेला असताना जुना आर्गॉन उडून जातो, थिजल्यावर नवा साठू लागतो. तो मोजला की लाव्हा कधी थिजला ते कळतं. ६.६ कोटी वर्षांत शंभरातले जेमतेम साडेतीन पोटॅशियम-४० अणू बदललेले असतात, आणि तेवढे आजची यंत्रं नीट मोजतात.

एकाच काट्यावर विसंबायचं नाही म्हणून दुसराही लावला गेला. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ब्लेअर शॉन यांच्या गटाने सह्याद्रीत लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या राखेतून झिरकॉनचे बारीक स्फटिक वेचले आणि युरेनियमचं शिसं किती झालं ते मोजलं. बर्कलीच्या गटाने आर्गॉनचा हिशेब केला. २०१९ मध्ये दोन्ही अभ्यास एकाच वेळी छापून आले. लाव्हाचा भर कोणत्या टप्प्यात होता यावर दोन्ही गटांचं पूर्ण जमलं नाही, पण मतभेद काही लाख वर्षांच्या आतला होता. ६.६ कोटींच्या आसपासच दोघेही पोचले. त्या लाव्हाच्या खाली जे आहे ते त्याहून जुनं. सालबर्डीचं हाड खाली आहे.

४. घटोत्कच सापडला होता का?

उत्तर भारतात वाळवंटी भागात खोदकाम चालू असताना महाकाय मानवी सांगाडा मिळाला, नॅशनल जिओग्राफिकच्या चमूने भारतीय सैन्याच्या मदतीने तो काढला, तो भीमाचा मुलगा घटोत्कच असावा, सरकारने बातमी दाबली. हा मजकूर आणि त्यासोबतचा फोटो पंधरा-वीस वर्षं आपल्या मोबाइलवर येतो आहे. मुंबईच्या एका मासिकाने २००७ मध्ये तो बातमी म्हणून छापला होता. वाचकांनी लक्षात आणून दिल्यावर त्यांनी ती मागेही घेतली.

फोटोचा माग काढता येतो. न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क गावी २००० साली मॅस्टोडॉन या हत्तीसारख्या नामशेष प्राण्याचं उत्खनन झालं. कॉर्नेल विद्यापीठाच्या त्या खड्ड्याचा वरून काढलेला फोटो एका कलाकाराने २००२ मध्ये चित्रस्पर्धेसाठी घेतला आणि संगणकावर त्यात माणसाचा सांगाडा बसवला. स्पर्धेचा विषयच तसा होता, फसवण्याचा त्याचा हेतू नव्हता. नंतर लोकांनी त्याला आपापल्या कथा जोडल्या. भारतात तो घटोत्कच झाला. त्याच सुमारास तोच फोटो सौदी अरेबियात कुराणातल्या आद लोकांचा पुरावा म्हणून फिरत होता. एकच सांगाडा दोन देशांत, दोन धर्मांचा पुरावा! नॅशनल जिओग्राफिकने डिसेंबर २००७ मध्ये हे सगळं खोटं असल्याचं जाहीर केलं.

फोटोचा माग नसता तरी कागद-पेन्सिल पुरली असती. सहा फूट उंच, ७० किलो वजनाचा माणूस घ्या आणि प्रमाण तेच ठेवून त्याला दसपट करा. उंची ६० फूट. वजन लांबी, रुंदी आणि जाडी या तिन्हींनी वाढतं, म्हणजे हजारपट, ७०,००० किलो. पण मांडीच्या हाडाच्या छेदाचं क्षेत्रफळ फक्त लांबी-रुंदीने, म्हणजे शंभरपट वाढतं. हाडाच्या प्रत्येक चौरस इंचावर दसपट भार येतो. असा माणूस दोन पावलं टाकायच्या आत मोडेल. गॅलिलिओने १६३८ मध्येच हे दाखवून ठेवलं आहे.

मग डायनासोर एवढे मोठे कसे? त्यांची हाडं पाहा. टायटॅनोसॉर चार पायांवर उभा, पाय खांबासारखे सरळ, पुढच्या पायाची हाडं जाड आणि भार घेणारी, मानेच्या मणक्यांत हवेच्या पोकळ्या. वजनाची सोय प्रत्येक हाडात दिसते. फोटोतल्या सांगाड्यात ती कुठेच नाही, कारण तो सामान्य माणसाचाच सांगाडा मोठा करून बसवलेला आहे. घटोत्कच महाभारतात आहे आणि तिथे तो थोर आहे. महाभारताला या फोटोची गरज नाही.

५. माणूस आणि डायनासोर एका थरात कधी सापडले का?

नाही. कुठेच नाही. टेक्ससमधल्या पॅलक्सी नदीच्या पात्रात डायनासोरच्या पावलांशेजारी माणसाची पावलं आहेत, असं सृष्टिवादी कित्येक वर्षं सांगत. काही ठसे १९३० च्या मंदीत विकण्यासाठी स्थानिकांनी कोरले होते. बाकीचे ठसे टाच टेकून चालणाऱ्या डायनासोरचे निघाले. बोटांच्या खाचा गाळाने भरल्या होत्या, त्यांचा रंग वेगळा दिसत होता. १९८६ मध्ये सृष्टिवाद्यांच्याच मोठ्या संस्थेने हा पुरावा यापुढे वापरू नये असं मान्य केलं. आपल्याकडे फिरणाऱ्या चित्रफितींत मात्र तो अजून ताजा आहे.

नामशेष प्राणी आणि माणूस एका थरात सापडतात तेव्हा भूशास्त्रज्ञ ते लपवत नाहीत, याचा दाखला महाराष्ट्रातलाच आहे. १८६० च्या दशकात पैठणजवळ मुंगी इथे गोदावरीच्या जुन्या गाळात, जिथे नामशेष प्राण्यांची हाडं मिळतात, तिथेच माणसाने घडवलेला अकीक दगडाचा छिलका मिळाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या माणसानेच तो नोंदवला, आणि भारतात माणसाचा वास किती जुना यावरचा तो सुरुवातीचा पुरावा ठरला. लमेटा थरात असं एखादं हत्यार मिळालं असतं, तर शोधणाऱ्याचं नाव जगभर झालं असतं. दीडशे वर्षांहून जास्त काळ लोक ते थर उकरत आहेत.

६. धर्म आडवा येतो का?

विदर्भातल्या डायनासोरच्या हाडांचा पहिला मोठा संग्राहक मिशनरी होता. स्टीफन हिस्लॉप. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. धर्मप्रसारासाठी आलेल्या या स्कॉटिश पाद्र्याने नागपूरजवळच्या टाकळीचे जीवाश्म गोळा केले, वरोऱ्याकडच्या पिसदुऱ्याची हाडं मिळवली, रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासोबत या भागाच्या भूशास्त्रावर निबंध लिहिला. १८६३ मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात ते वाहून गेले. बायबल त्यांच्या खिशात होतं म्हणून खडक त्यांनी सहा हजार वर्षांत कोंबले नाहीत. मला हा माणूस फार जवळचा वाटतो.

आपल्याकडचा सृष्टिवाद जरा वेगळा असतो. आपल्या कल्प-युगांचे आकडे अब्जावधी वर्षांचे, त्यामुळे पृथ्वीच्या वयावर वाद होत नाही. वाद दोन गोष्टींवर होतो. एक, "हे सगळं आधीच ग्रंथांत होतं". २०१९ च्या जानेवारीत जालंधरच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये एका भूशास्त्रज्ञाने डायनासोरचा शोध ब्रह्मदेवाने लावला आणि वेदांत त्याची नोंद आहे असं सांगितलं. नोंद असेल तर एक साधी गोष्ट दाखवता यायला हवी. त्या ऋचेवरून एखादी नवी जागा सांगा, तिथे खोदू, हाड निघतं का पाहू. अमुक थर अमुक ठिकाणी उघडा आहे, तिथे अंडी मिळतील, असं भूशास्त्र सांगतं आणि ती मिळतात.

दोन, "माकडाचा माणूस झालेला कोणी पाहिला?" हे २०१८ च्या जानेवारीत औरंगाबादला तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह बोलले, डार्विन चुकला आहे आणि तो अभ्यासक्रमातून काढावा असंही म्हणाले. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून ते नाकारलं. आजची माकडं माणसाची पूर्वज आहेत असं उत्क्रांतिविज्ञान म्हणतच नाही. दोघांचा पूर्वज समान होता, एवढंच ते म्हणतं. पुढे २०२३ मध्ये दहावीच्या एनसीईआरटी पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ते पुस्तक शिकणाऱ्या पोरांनी घराशेजारचा खडक पाहिला तरी तो वाचायचा कसा हे त्यांना त्यातून कळणार नाही.

७. "शास्त्रज्ञ तर सारखे मत बदलतात"

बदलतात, आणि का बदलतात ते पाहण्यासारखं आहे. नागपूरचे भूशास्त्रज्ञ धनंजय मोहबे यांना गुजरातमध्ये ढोली डुंगरी इथे डायनासोरच्या अंड्यांशेजारी बारीक हाडं असलेला दगड मिळाला. १९८७ मध्ये त्यांनी ती नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाची म्हणून प्रसिद्ध केली. अंड्याजवळ मिळालेली हाडं, दुसरं काय वाटणार? २००१ मध्ये मिशिगन विद्यापीठाचे जेफ विल्सन यांनी तो दगड पाहिला आणि त्यातले काही मणके त्यांना सापाचे वाटले. दगड काळजीपूर्वक साफ केला गेला. वेटोळं घातलेला, साडेतीन मीटर लांबीचा साप समोर आला, अंड्याभोवती, आणि शेजारी फुटलेल्या अंड्यातलं पिल्लू. साप घरट्यात शिकारीला आला असताना सगळेच गाळाखाली गाडले गेले. २०१० मध्ये 'सनाजेह' या नावाने तो जगासमोर आला आणि त्या निबंधाच्या लेखकांत मोहबे स्वतः होते.

पिसदुऱ्याचंही तसंच. तिथे हाडांसोबत डायनासोरची दगड झालेली विष्ठा मिळते. २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी ती फोडून आत गवताचे वाळूसारखे सूक्ष्म कण दाखवले. त्यांत भाताच्या कुळातलं गवतही होतं. तोवर डायनासोरच्या काळात गवत असल्याचा भक्कम पुरावा नव्हता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या शेणाच्या खड्यांनी जगाची पाठ्यपुस्तकं बदलली.

त्याच वर्षी अमेरिकेच्या मेरी श्वाइट्झर यांना टी. रेक्सच्या हाडात, खनिज ॲसिडने काढून टाकल्यावर, लवचिक धागे मिळाले. सृष्टिवाद्यांनी "ताजं मांस मिळालं" अशी हाकाटी केली. मांस नव्हतं. रक्तातल्या लोहाने असे ऊतींचे अवशेष टिकू शकतात, असा प्रयोग श्वाइट्झर यांनीच २०१३ मध्ये मांडला. श्वाइट्झर बाई स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती आहेत आणि आपल्या कामाचा असा वापर त्यांना अजिबात मान्य नाही.

८. शेतात हाड निघालं तर?

विहीर खणताना, बोअरच्या कडेला किंवा डोंगरउतारावर नाल्यात दगडासारखं जड हाड दिसलं, तर ते उपसून घरी आणू नका. आहे तिथेच ठेवून फोटो काढा, शेजारी मोजपट्टी किंवा पेन ठेवा म्हणजे आकार कळेल. खाली कोणता दगड, वर कोणता, जमिनीपासून किती खोल, हे वहीत लिहा. जागेची खूण मोबाइलच्या नकाशावर जतन करा. मग संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवा. पूर्णेच्या गाळातलं हाड असेल तर ते बहुधा गेल्या काही हजार किंवा लाख वर्षांतल्या गुराचं, हत्तीचं निघेल, आणि तेही कामाचंच आहे. काळ्या पाषाणाखालच्या लाल-हिरवट मातीच्या किंवा चुनखडीच्या दगडातलं असेल, तर ते लोक त्याच आठवड्यात गाडी काढतील.